आंब्याच्या खोडातली अळी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — तिला काहीतरी शंका आहे, पण ती विचारत नाही. आणि ती का विचारत नाही, याचाही मला संशय येतो.

मंद्रूपजवळ आमचं शेत. बांधावर वडिलांनी लावलेला आंबा, आणि बांधापलीकडे मेंढरं राखणाऱ्या सिद्धूचा तुकडा. आंब्याच्या सावलीनं ज्वारी खुरटते म्हणून तो दोनदा कुरकुरला होता. पुढं आंब्याची एक फांदी वाळली. खोडाला आणि त्या फांदीला भोकं, बुडाशी भुसा. आमच्याकडे अशी भोकं दिसली की माणूस एकच म्हणतो — झाड मारायला कुणीतरी गिरमिटानं भोकं पाडून हिंग भरलाय. मीही तेच म्हणालो. शाळेत विज्ञान शिकवायचो ना, मग माझ्या शब्दावर कोण शंका घेणार?

त्यानंतर सिद्धू हसला तरी वाटायचं, का हसला? नाही हसला, तर का नाही? मला त्याचा संशय होता, की मला संशयच हवा होता?

भावकीनं त्याला बिरोबाच्या देवळात भंडारा उचलून शपथ घ्यायला बोलावलं. त्याच सकाळी मी पुरावा शोधायला वाळकी फांदी फोडली. हिंग नव्हता. आत बोटाएवढी जाड, पिवळसर पांढरी अळी — पाय नाहीत, डोकं काळपट, जबडा दणकट. भिरूड. भुंग्याची अळी, खोड पोखरणारी. मुलांना फळ्यावर काढून दाखवलेली. बघताक्षणी ओळखली — आणि चपलेखाली चिरडली. गावात आता काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात होतं. मी भ्यालो.

देवळात सिद्धूनं भंडारा उचलला. "म्या झाडाला हात लावला न्हाय. मास्तर, तुमी शिकल्यालं हाय, तुमीच बघून सांगा की."

मी देवाकडे बघत राहिलो. लोकांनी माझं गप्प राहणं बघितलं आणि त्याची शपथ खोटी ठरवली. पुढं त्याची मेंढरं खतासाठी कुणी शेतात बसवून घेईना. वर्षभरात तो बायकापोरांसह गाव सोडून गेला. आंबाही वाळला — औषध केलं असतं, तर अळी होती हे कबूल करावं लागलं असतं.

यंदा दुसऱ्या आंब्याला भोकं पडलीत. भुसा ताजा आहे. धाकटा भाऊ म्हणाला, "सिद्धू येऊन गेला वाटतं."

तो भुसा माझ्या मुठीत होता.

"व्हय," मी म्हणालो, "असंल."