काकवीच्या गोडीची काळी बिअर
काकवी उकळल्याचा वास आला की मला आमचे दाजी आठवतात. जळगावजवळ शेतात भरीत पार्टी होती. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून, धुरात डोळे पुसत ती ठेचली माझ्या बहिणीने, आणि दाजी नेहमीसारखे चारचौघांत म्हणाले, ‘इले काहीच येत नही.’ मी गुपचूप पुण्याहून आणलेली बेल्जियन पद्धतीची काळी बिअर त्यांच्यापुढे ठेवली. जिभेवर काकवी, मनुका, जराशी लवंग. साध्या बिअरच्या दुप्पट कडक, पण ती आग पोटात गेल्यावरच कळते. ते मी सांगितलं नाही. मनात म्हटलं, पी लेका! ‘बिअर म्हंजे पानी,’ म्हणत दाजींनी तिसरी बाटली संपवली, ऐटीत उठायला गेले आणि थेट भरिताच्या परातीत बसले. तिच्या लग्नानंतर पहिल्यांदाच मी बहिणीला पोट धरून हसताना पाहिलं. यंदाच्या पार्टीची तारीख ठरताच तिचाच फोन आला, ‘भाऊ, येतांना ती काळी बिअर संगे लई येजो.’