ठाण्याच्या ओसरीत भरलेली सांजशाळा

पाटी-दप्तर मांडीवर घेऊन ठाण्याच्या ओसरीत बसलेली ती पोरं मी आजही विसरलेलो नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, मालगाड्या फोडणाऱ्या टोळ्या पकडल्या. त्यांतल्या पुष्कळ गोष्टी आता पुसट झाल्या आहेत. हे प्रकरण मात्र अजून स्पष्ट आठवते. त्यातली माणसे किंवा त्यांची मुले अजून त्याच भागात असतील, म्हणून कोणाचेच नाव लिहीत नाही.

स्वातंत्र्य मिळायला अजून काही वर्षे होती. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते. मी वऱ्हाडातून बदलून आलेलो तरुण ठाणेदार. गावाचे दोन भाग सहज पडत. एकीकडे रेल्वेचे जंक्शन आणि बाजार, जिथे मारवाडी, गुजराती, छत्तीसगढी सगळ्यांची मिळून एकच हिंदी चाले. दुसरीकडे धानाच्या गिरण्या, बिडीचे कारखाने आणि त्यांच्या आसऱ्याने वसलेल्या वस्त्या. सकाळी हजेरी आटोपून मी ओसरीत चहा घेत उभा राहिलो की उकडलेल्या धानाचा वास यायचा. तो वास मला पुढे कुठल्याच गावात मिळाला नाही. कधी कोणाच्या घरी उकडा भात शिजत असला की मी अजूनही क्षणभर थांबतो.

बाजाराच्या मागे एक खाजगी शाळा होती. सरकारी नव्हे. गावातल्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून ती सुरू केली होती आणि त्यांचीच एक कमिटी ती चालवी. कमिटीचे सेक्रेटरी एका धान गिरणीचे मालक होते, माणूस शिस्तीचा आणि तापट. शाळा दुपारी सुटे, पण बिडी कारखान्यातल्या बाया दिवस मावळेपर्यंत घरी परतत नसत. तोवर पोरं कुठे राहणार? शाळा सुटल्यावर पोरं रेल्वेच्या यार्डात खेळत. एकदा एक पोरगा तिथे जखमी झाला आणि त्यानंतर हेडमास्तरांनी कमिटीकडून मंजुरी घेऊन मागच्या पडवीत एक सोय केली. एक बाई नेमली. दिवेलागणीपर्यंत तिने पोरं सांभाळायची, हातपाय धुवायला लावायचे, मुरमुरे द्यायचे, पाढे म्हणून घ्यायचे. वस्तीतल्या बाया या सोयीला सांजशाळा म्हणत.

ही बाई तिशीची असेल. नवरा रेल्वेत होता, तो वारला. फुलचूरला म्हाताऱ्या बापाजवळ राही आणि तिथून रोज पायी येई. बोलायला रोखठोक. पोरं तिला भीत, आणि तिच्या पदराला धरूनच चालत.

एका दुपारी म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यातून डॉक्टरांचा माणूस धावत ठाण्यात आला. मी हवालदाराला घेऊन गेलो. टेबलावर दीडेक वर्षाचे एक मूल पडले होते. ओठ निळसर, श्वास थांबत थांबत चाललेला. डॉक्टरांनी त्याच्या पापण्या उघडून दाखवल्या. बुबुळांतली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती.

"अफू आहे," ते म्हणाले. "शंका नको."

मुलाला आणणारी सांजशाळेची बाईच होती. ती कोपऱ्यात उभी होती. साडीवर सगळीकडे ओकारी उडालेली. तिच्याजवळ सहा-सात वर्षांची एक मुलगी भिंतीला टेकून उभी होती, त्या मुलाची थोरली बहीण. शाळेत शिकणारी ती. आई बिडी कारखान्यात, घरी दुसरे कोणी नाही, म्हणून ती भावाला कडेवर घेऊन शाळेत येई. वर्गात मास्तर त्याला खालच्या चटईवर निजू देत, आणि सांजशाळेत बाई त्याच्याकडे बघत असे.

डॉक्टरांनी मुलाचे पोट धुतले. कंपाउंडर त्याच्या तळव्यांना टिचक्या मारत, गालावर पाणी शिंपडत त्याला झोपू देत नव्हता. वाचेल की नाही हे सांगायला डॉक्टर तयार नव्हते.

मी ठाण्यात परतलो तर सेक्रेटरी माझ्या खुर्चीसमोर बसलेलेच होते.

"थानेदार साहब, मामला साफ है," ते म्हणाले. "बच्चे शोर न करें, इसलिए वो औरत सबको अफीम चटाती है. आप उसे अंदर कीजिए. शाम का ये तमाशा आज से बंद."

मी त्यांची फिर्याद लिहून घेतली. विषारी पदार्थ दिल्याचा गुन्हा दाखल केला. रोजनाम्यात नोंद झाली.

माझा हवालदार देवरीकडचा, वयाने माझ्या वडिलांएवढा. गोंडी बोले, पवारी बोले, बाजारात हिंदी बोले आणि माझ्याशी झाडीबोलीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने खबर आणली.

"साहेब, अफूच्या ठेक्यावरचा नोकर सांगून राहिला. थे बाई दर बाजाराले अफू नेते."

त्या काळी अफू सरकारी ठेक्यावर उघड मिळे. विकत घेणे हा गुन्हा नव्हता. पण या प्रकरणात ही खबर मोठी होती. मी बाईला चौकशीसाठी बोलावले. ती बाकावर बसली, हात मांडीवर ठेवून, सरळ माझ्याकडे पाहत.

"अफू घेता का तुम्ही?"

"घेतो जी. बापासाठी. त्याले दमा हाये."

"मग हे लपवलं का?"

"तुम्ही विचारलं कधी?"

बाजूला कागद लिहीत बसलेल्या मुन्शीने मान वर करून पाहिले. मी आवाज चढवला. तिने चढवला नाही.

"पोराला अफू कोणी दिली?"

"मले मालूम असतं तं मीच त्याचा हात मोडला असता. मी कायले देईन? थ्या बाया माह्या भरोशावर लेकरं ठेवून जातेत."

"मूल त्रास देत असेल. रडत असेल."

"पहिले लई रडे. मंग रडनं बंदच झालं त्याचं. निजूनच राहे. मी म्हनलं, रुळला असन आता."

हे उत्तर मी लिहून घेतले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलो. फुलचूरला जाऊन पाहिले तर म्हातारा खरोखरच खाटेवर बसून धापा टाकत होता. उशाशी डबी, डबीत अफू. त्याने दोन्ही हात जोडले आणि लेकीला कधी सोडणार एवढेच विचारले. पण बापासाठी आणलेल्या अफूतली थोडी शाळेत जाऊ शकत नाही असे थोडेच आहे? बाईवरचा संशय कायम राहिला. बायकांना रात्री ठाण्यात ठेवायचे नाही असा माझा शिरस्ता होता, म्हणून संध्याकाळी तिला कोतवालाबरोबर घरी पाठवी आणि सकाळी पुन्हा बोलावी.

मग ती गोष्ट घडली.

सेक्रेटरींनी पडवीला कुलूप लावले होते. दुपार कलली, शाळा सुटली, आणि पहाऱ्यावरचा शिपाई गोंधळून आत आला. "साहेब, जरा बाहेर या." मी बाहेर आलो. फाटकातून पोरं येत होती. कोणाच्या हातात पाटी, कोणाच्या डोक्यावर दप्तर, एकमेकांचे हात धरलेले. ती सरळ ओसरीत आली आणि बाई ज्या बाकावर बसली होती त्याच्यासमोर मांडी घालून बसली.

"हे काय चाललंय?" मी विचारले.

त्यातल्या एका मोठ्या मुलीने उत्तर दिले, "मायनं सांगितलं, बाई जिथं असन तिथं जाऊन बसजा."

मुन्शी वैतागला. ठाणे आहे की शाळा, असे काहीसे पुटपुटला. मी पोरांना हुसकावून लावायला हवे होते, पण पाठवणार कुठे? यार्डात? मी आत जाऊन बसलो. थोड्या वेळाने पाढे ऐकू येऊ लागले. बाई बाकावरूनच म्हणून घेत होती. कोठडीत एक सराईत चोर होता, तोही गजांना धरून सतराचा पाढा ऐकत उभा राहिला. हवालदाराने कुठूनतरी फुटाणे आणले आणि रुमाल पसरून वाटले. दिवेलागणीला कारखान्यातल्या बाया आल्या, फाटकाबाहेर उभ्या राहिल्या आणि हाक मारून आपापली पोरं घेऊन गेल्या. माझ्याकडे कोणी पाहिले नाही. बाईला मात्र प्रत्येकीने हाताने खूण केली.

दुसऱ्या दिवशीही पोरं आली. सांगायला हरकत नाही, त्या दुपारची मी वाट पाहत होतो. माझे लग्न नुकतेच झाले होते, बायको माहेरी होती, आणि त्या ठाण्यात हसण्याचा आवाज मी तोवर ऐकलाच नव्हता.

पोरं अंगणात खेळत होती. आजारी मुलाची बहीण एकटीच खांबाशी बसली होती. आई तिला इतर पोरांबरोबर पाठवून स्वतः दवाखान्यात थांबली होती. मी नुकताच तिथूनच आलो होतो. मुलाचा धोका टळला होता. मी पायरीवर तिच्या बाजूला टेकलो.

"तू काऊन नाही खेळत?" मी त्यांच्याच बोलीत विचारले.

तिने पाटी आणखी जवळ ओढली.

"तुझा भाऊ बरा झाला. मी पाहून आलो ना. आता चांगला जोरजोरात रडून राहिला."

वाटले होते, पोर हसेल. तिचा चेहरा एकदम उतरला.

"मंग आता मले साळेत येऊ देनार नाहीत," ती म्हणाली.

"असं कोण म्हणालं?"

"शेठजी. गिरनीवाले. पडवीत आले होते. म्हनले, ये लौंडा फिर रोया तो कल से दोनों मत आना."

बाईने सांगितलेले वाक्य मला त्या क्षणी आठवले. पहिले लई रडे, मग रडणे बंदच झाले. मी आवाज शक्य तेवढा मऊ केला.

"मग त्यानं रडू नये म्हणून तू काय करायचीस?"

तिने बाईकडे पाहिले. मग पायाच्या अंगठ्याकडे पाहत म्हणाली, "गोळी देत होतो. माय सकाळी देते थेच. थ्या दिवशी थो उठून बसला. शेठजी येनार होते म्हनून मी अजून एक देल्ली."

सांजशाळेची बाई उठून उभी राहिली. मग पुन्हा बसली. तिने पदर तोंडाला लावला. इतक्या दिवसांच्या चौकशीत ती रडली नव्हती.

मी दवाखान्यातून आईला बोलावून घेतले. चिचगडकडची बाई, बिडी वळून बोटे तंबाखूने काळी पडलेली. घरी अफूच्या गोळ्या आहेत हे तिने लगेच कबूल केले. वस्तीत सगळ्याच देतात, तिची आईही तिला देत असे. त्या गोळ्या मडक्यामागे ठेवलेल्या असत. पोरीने त्यातल्या नेल्या हे ऐकताच ती मुलीच्या अंगावर धावली. बाई मध्ये पडली.

"मारू नोको तिले! तिनं का केलं? तू देत होती थेच देल्लं."

आई जमिनीवर बसली. "गोळी नाही देल्ली तं थो रडते," ती म्हणाली. "थ्या कारखान्यात लेकरू आनू देत नाहीत. इथं साळेत रडलं तं ठेवू देत नाहीत. मी का करू साहेब? तुम्हीच सांगा, मी का करू?"

मी ठाणेदार होतो. गणवेश होता, टेबल होते, समोर दंडसंहिता होती. ती मी मिटून बाजूला ठेवली. हवालदाराने तिला पाणी दिले.

कायद्याने एवढ्या लहान मुलाकडून गुन्हा घडत नाही. आईचा हेतू इजा करण्याचा नव्हता, आणि अशी गोळी त्या वस्तीत घरोघर दिली जात होती. तिला मी सक्त ताकीद दिली आणि डॉक्टरांनी त्या गोळीने काय होते ते तिला नीट समजावले. अपघाताने घडलेली घटना, गुन्हा नाही, असा अहवाल मी भंडाऱ्याला पाठवला. वरून एकदोन प्रश्न आले, मी उत्तरे दिली, प्रकरण बंद झाले.

कमिटीचे काम त्याहून अवघड गेले. हेडमास्तर, डॉक्टर आणि मी सेक्रेटरींच्या गिरणीत गेलो. मुलीने काय सांगितले ते मी जसेच्या तसे त्यांच्यापुढे ठेवले, त्यांच्या त्या एका वाक्यासकट. ते धानाचे दाणे तळहातावर चोळत राहिले.

"मैंने तो ऐसे ही कह दिया था," ते म्हणाले. "डाँटने के लिए."

"पोरीनं खरं मानलं, शेठजी," हेडमास्तर म्हणाले.

सेक्रेटरींनी पडवीची किल्ली टेबलावर ठेवली, पण माझ्याकडे न पाहता. पुढे माझी बदली होईपर्यंत ते माझ्याशी कामापुरतेच बोलले. बाईनेही परत येण्यासाठी अट घातली. तान्ही भावंडे आणू दिली पाहिजेत, आणि त्यांच्यासाठी पडवीत पाळणा बांधला पाहिजे. हेडमास्तरांनी दोन जुन्या लुगड्यांचे पाळणे वाशांना बांधून दिले. त्या वस्तीतल्या सगळ्या गोळ्या त्यामुळे बंद झाल्या असे मी म्हणणार नाही. तसे झाले नाही. पण त्या पडवीत पुन्हा तसे काही घडले नाही.

ठाण्याची ओसरी मात्र एकदम ओकीबोकी झाली. हवालदार काही दिवस सवयीने फुटाणे आणत राहिला. शेवटी आम्ही दोघेच ते खात बसायचो.

बदलीचा हुकूम आला तेव्हा मी संध्याकाळची गस्त शाळेवरून नेली. पडवीत गोंगाट होता. पाळण्यात तेच दवाखान्यातून वाचलेले पोर उभे राहून, काठाला धरून, साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असे बोंबलत होते. त्याची बहीण त्याच्याकडे पाठ करून बसली होती आणि मैत्रिणीशी पाटीवरून भांडत होती. बाईने मला पाहिले, नमस्कार केला आणि ओरडून म्हणाली, "पाहा जी साहेब, कसा रडून राहिला!" तिच्या आवाजात कौतुक होते.

त्या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. समोरच्या माणसाने काय केले हे शोधायला आम्ही पोलीस शिकतो. कोणी विकत घेतले, कोणी दिले, कोणी पाहिले. बाईला मी हे सगळे विचारले आणि तिने सगळ्याची खरी उत्तरे दिली, तरी मला काही कळले नाही. कळले ते एका पोरीच्या उतरलेल्या चेहऱ्यावरून. तिला कशाची भीती वाटत होती, एवढेच मला ठाऊक नव्हते. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत माझ्यासमोर जो कोणी बाकावर येऊन बसला, साव असो की चोर, त्याला मी आधी पाणी देऊ लागलो आणि मग विचारू लागलो, "तुला भीती कशाची आहे?" पुष्कळांनी उत्तर दिले नाही. ज्यांनी दिले, त्यांना पुढे फार प्रश्न विचारावे लागले नाहीत.