शनिवारची मोटर

नवऱ्याची बँकेत बदली झाली आणि आम्ही कोकणातून थेट तंजावरला येऊन पडलो. मी, तो आणि सासूबाई. अख्ख्या गावात बेने इस्राएलांचं, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचं, घर एकच, आमचं. दहा पुरुष जमवून प्रार्थना करायची सोय नाही, सिनेगॉग नाही. तेव्हा तिशीतल्या त्या सूनबाईने, म्हणजे मीच, ठरवलं की धर्म आता आपल्याच डोक्यावर आहे. आज आठवलं की त्या बाईचा कान पिळावासा वाटतो.

शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत माझा दिवा लागायचा. शनिवार म्हणजे शब्बाथ, आमचा विश्रांतीचा पवित्र दिवस: चूल बंद, बटणाला हात नाही. इतकं कडक पाळायची, की सासूबाई म्हणायच्या, "देवाने सहा दिवस काम करून सातव्या दिवशी आराम केला. तू सातव्या दिवशी आमच्यावर पहारा करतेस."

आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने होतो. खाली घरमालकीण, शाळेत शिक्षिका. तिच्या घराण्याला तंजावरात दोनशेच्या वर वर्षं झालेली. मराठी बोलायची ती तमिळ हेलात, 'गे' लावून, माझ्या पणजीसारखी. मी तिला अक्का म्हणायची. वरची टाकी भरायची मोटर खालच्या घरात होती. बाकीचे दिवस ती मी लावायची. शनिवारी अक्का लावायची, न सांगता. पण बंद करायला विसरायची. टाकी वाहायची, माझे वाळत घातलेले कपडे भिजायचे, आणि मी आतल्या आत धुमसायची. शब्बाथच्या दिवशी रागवू नये म्हणतात, म्हणून तोंडाने 'शब्बाथ शालोम' आणि पोटात विस्तव.

त्या उन्हाळ्यात अक्काची आई पापनाशमहून आली. हात थरथरायचे, तरी तिने तांदळाचं पीठ शिजवलं आणि गच्चीवर जुन्या वेष्टीवर, म्हणजे धोतरावर, वडाम घातले. वडाम म्हणजे आपल्या कुरडयांचे चुलतभाऊ. दोन दिवस ऊन खाऊन ते वाळत आले होते. तिसरा दिवस शनिवार.

सकाळी मी प्रार्थनेचं पुस्तक घेऊन गच्चीवर गेले, तर टाकी वाहत होती. पाण्याचा ओघळ वेष्टीकडे सरकत होता. मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहिले. बटणाला हात लावायचा नाही, ठीक. पण "अक्का, पाणी!" अशी हाक मारायला कोणत्या शास्त्राची मनाई होती? मी हाक मारली नाही. मनात म्हटलं, बरं होतंय, एकदा अद्दल घडू दे. आणि खाली येऊन प्रार्थनेला बसले. बसले म्हणजे पानं उलटली.

थोड्या वेळाने अक्का धावत वर गेली. वडामांचा चिखल झाला होता. तिने मला विचारलं, "तू वर गेली होतीस ना गे? दिसलं नाही?"

आणि त्या दीडशहाणीने उत्तर दिलं, "दिसलं ना. पण आमचा शब्बाथ."

तिची आई म्हणाली, "असू दे, पुढच्या वर्षी घालू." आडि महिन्यात, म्हणजे आपल्या आषाढाच्या सुमाराला, ती गेली. पुढचं वर्ष तिला मिळालंच नाही.

त्यानंतरही शनिवारी मोटर लागायची, वेळेवर बंदही व्हायची. पण अक्का माझ्याशी कामापुरतं बोलायची. किप्पुरचा, वर्षभराच्या पापांची माफी मागायचा, उपास जवळ आला तेव्हा सासूबाईंनी मला समोर बसवलं. "देवाचा गुन्हा देव माफ करील. माणसाचा गुन्हा त्या माणसाने माफ केल्याशिवाय देव हात लावत नाही. तीनदा तरी माफी मागावी लागते."

"अहो पण आई, मी शब्बाथ मोडला असता तर?"

"बटणाला हात लावू नको म्हटलंय. तोंडाला कुलूप घालायला कुणी सांगितलं होतं?"

पहिल्यांदा गेले, तेव्हा अक्का सांबाराचे कांदे सोलत होती. म्हटलं, "माफ करा, पण माझा नाइलाज होता." ती "हं" म्हणाली आणि कांदे सोलत राहिली. दुसऱ्यांदा, किप्पुरच्या आधी येणाऱ्या आमच्या नव्या वर्षाचा, गव्हाच्या चिकाचा हलवा घेऊन गेले. तिने खाल्ला. म्हणाली, "गोड बरा झाला आहे. माझ्या आईला काय देशील?"

किप्पुर लागायची संध्याकाळ. पांढरी साडी नेसून मी तिसऱ्यांदा खाली उतरले. या वेळी हातात काही नव्हतं. म्हटलं, "अक्का, नाइलाज नव्हता. मला हाक मारता आली असती. तुम्ही दर वेळी विसरता याचा राग होता. तुमचं नुकसान व्हावं असं मला वाटलं. शब्बाथ मी नुसता पुढे केला."

ती म्हणाली, "हे मला त्याच दिवशी कळलं होतं. तुझ्या तोंडून यायला पाच महिने लागले."

"माफ केलंत?"

"नाही गे. जा, सूर्य चालला. दार लावून घे तुझं."

आमची जुनी माणसं किप्पुरला दारफाळणीचा सण म्हणायची. दार लावून दिवसभर उपाशी बसायचं. त्याआधीचे सगळे उपास मी घड्याळाकडे बघत काढले होते. त्या दिवशी भूक लागली नाही. छाती बडवत पापांची यादी म्हणताना पहिल्यांदा कळलं, की माझी पापं मोठी नव्हतीच. ती ओल्या कपड्यांएवढी होती. त्यांनीच एका म्हातारीच्या हातचं शेवटचं काम वाहून नेलं होतं.

आजही कुणी विसरलं, कुणी उशीर केला की माझ्या पोटात तोच विस्तव पेटतो. तेव्हा मी स्वतःला विचारते, बाई, ही देवाची आज्ञा की तुझा राग? बहुतेक वेळा उत्तर लाजिरवाणं असतं.

अक्काने माफ केलं असं कधीच म्हटलं नाही. पण तीनेक वर्षांनी एका सकाळी ती जिन्यातून ओरडली, "काय गे, जिना झाडायला माणूस ठेवला आहेस का? किती ही घाण!" मी झाडू घेऊन धावले. झाडताना डोळ्यांतून पाणी येत होतं. इतकी वर्षं ती मला रागावलीसुद्धा नव्हती.