लेकीचा कोच आणि मी

माझ्या लेकीच्या कोचचा मला हेवा वाटतो. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे त्याच्याबद्दल चार शब्द चांगले बोलले तरी ते दातओठ खातच बोलतेय, हे ध्यानात राहील.

तो व्यावसायिक बेसबॉलमधला कॅचर. फलंदाजाच्या मागे उकिडवं बसून चेंडू झेलणारा. बारा वर्षं बसनं गावोगाव फिरत खालच्या लीगमध्ये खेळला, जेमतेम तीन आठवडे सगळ्यात वरच्या लीगमध्ये. मग गुडघे गेले आणि हा कोच झाला. आता इथे अमेरिकेत, अर्विंगमध्ये मुलींना सॉफ्टबॉलचं कॅचिंग शिकवतो. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं तीन दिशांना गेलीयत. पोरी ती कौतुकानं बघतात.

वाकडं बोट मलाही आहे. नागपूरला मी विद्यापीठाच्या टीमची विकेटकीपर होते. मुलाकडच्यांना पाठवायच्या फोटोत ते दिसू नये म्हणून आईनं मला त्या हातात पदर धरायला लावला होता. त्याची वाकडी बोटं म्हणजे करिअर, माझं म्हणजे व्यंग. पुढे लग्न, व्हिसा, सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी. खेळ सुटला तो सुटलाच.

त्यामुळे लेक कॅचर व्हायचं म्हणाली तेव्हा मी हरखून गेले. दोन वर्षं गॅरेजसमोर भर उन्हात तिला शिकवलं. चेंडू आला की हात सैल सोडायचे, त्याच्यासोबत पोटाशी आणायचे. कीपिंगचा पहिला धडा तोच. तरी यंदा टीममधली तिची जागा जायची वेळ आली. का, ते कुणी नीट सांगेना, म्हणून आम्ही याच्याकडे गेलो.

त्यानं सहा चेंडू बघितले आणि तिला थांबवलं. म्हणाला, ग्लव्हमध्ये चेंडू आला की हात तिथल्या तिथे धरायचा. तू तो खाली ओढतेस, आणि मागे उभ्या अंपायरला चांगला चेंडूही वाईट वाटतो. चेंडू टाकणाऱ्या तुझ्या पिचरची मेहनत वाया जाते.

मग त्यानं विचारलं, "हे कुणी शिकवलं तुला?"

आवाजात राग नव्हता. मी कुंपणापाशी उभी होते. 'मी' म्हणायला तोंड उघडलंच होतं.

"नोबडी," लेक म्हणाली. "व्हिडिओज बघून."

तो तिच्याशेजारी कण्हत खाली बसला आणि वीस मिनिटांत माझी दोन वर्षं पुसून टाकली. ती प्रत्येक वाक्याला "येस कोच" म्हणत होती. घरी मी पाणी पी म्हटलं तरी "व्हाय?" येतं. ग्लव्ह आता जागचा हलत नव्हता. तो चांगलंच शिकवत होता, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "माझं नाव का नाही सांगितलंस?"

"आई, ही वुड हॅव फेल्ट बॅड फॉर यू."

"वाटू दे की. मी कीपर होते, एवढं तरी त्याला कळलं असतं."

तिनं जरा विचार केला. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "पण आई, इट वॉज राँग ना."

इतक्या मायेनं म्हणाली, की मला तिच्यावर ओरडताही आलं नाही.