पत्त्याचं महाग शेपूट

माझी नात ग्वाल्हेरच्या खासगी बाजारातल्या आमच्या पुढच्या खोलीत नऊवारी साड्या शिवते. आमच्याकडच्या मुलींना नऊवारी नेसता येत नाही, म्हणून ही शिवलेली, पायजम्यासारखी चढवायची. मला हसू येतं, पण खपतात.

मागच्या वर्षी तिला वेबसाइट हवी झाली. दुकानाचं नाव, मग टिंब आणि शेवटी देशाची दोन अक्षरं. मी त्याला शेपूट म्हणते. भारताचं शेपूट स्वस्त. तिला हवं होतं कुठल्याशा बेटांचं, कित्येक पट महाग. पिकोच्या मशीनसाठी साठवलेले पैसे ती त्यात घालणार होती.

"त्या बेटांवर नऊवारी कोण नेसतं?" मी विचारलं.

"आजी, सुनो तो! मोठ्या कंपन्या हेच घेतात. परदेशातल्या मुलींना दुकान मोठं वाटायला पाहिजे."

"पण एवढं महाग का?"

"ज्याचा देश त्याचा भाव. लोक मागतात, मग ते वाढवतात."

मी चौथीपर्यंतच शिकले, पण हे लगेच कळलं. मी संस्थानाची जकात पाहिली आहे. झाशी इंग्रजांची, ग्वाल्हेर आमचं. नव्या कापडावर जकात, अंगावरच्या कपड्यावर नाही. म्हणून माझी आत्या झाशीहून माहेरी येताना तीन नवी लुगडी एकावर एक नेसून यायची. तिला टांग्यात चढवायला दोन माणसं लागत. पुढे संस्थान विलीन झालं, मध्य भारत राज्य आलं, जकात गेली. आत्या एकाच लुगड्यात उतरली, तर आई घाबरून म्हणाली, "वन्सं, आजारी होतात का?"

म्हणून मी नातीला विचारलं, "तुझी बेटं विलीन झाली तर?"

"काहीही हं, आजी!" म्हणत तिने मोबाइल उघडला. वाचता वाचता तिचं तोंड उतरलं. "अगं, ती बेटं खरंच दुसऱ्या देशाला द्यायचं चाललंय."

"आणि शेपूट?"

"अभी तय नहीं है, असं लिहिलंय." मग माझ्यावरच चिडली. "तूच नजर लावलीस!"

तिसऱ्या दिवशी भारताचं शेपूट घेतलं आणि पिकोचं मशीनही आणलं.

पहिली ऑर्डर आली शेजारच्या दौलतगंजातून. ती बाई रोज आमच्या दारावरून भाजीला जाते, कधी आत डोकावली नव्हती. फोनवर म्हणाली, "साइट पाहिली. तुमच्याकडे स्टाफ असेलच, मापाला कुणाला पाठवाल का?"

"पाठवते ना," नात म्हणाली आणि टेप माझ्या गळ्यात अडकवला.