पान सत्त्याण्णवचा मुडदा

आधी चहा घ्या. कारण हे ऐकल्यावर माझ्या अकलेबद्दल तुमचा जो काही गैरसमज असेल, तो दूर होणार आहे. मी स्वतः अजून त्या धक्क्यातून सावरलेलो नाही.

आमच्या भिवंडीच्या वाचनालयात दर महिन्याला सभासद जमतात आणि अलीकडे काय वाचलं ते सांगतात. त्या महिन्यात पाळी माझी. त्यात वाचनालयाचे ग्रंथपाल निवृत्त होणार होते आणि त्या खुर्चीवर माझा डोळा होता. पडघ्याच्या पुस्तकांच्या गोडाऊनमध्ये शिफ्ट करून करून माझी कंबर गेलीय हो! अर्ज देऊन झाला होता. अध्यक्षा सुमनबाई, म्हणजे शाळेतल्या निवृत्त मुख्याध्यापिका, म्हणाल्या, "नीट बोला. कमिटी ऐकायला बसणार आहे."

गोडाऊनमधूनच, मालकांना विचारून, एक नवी कादंबरी घरी आणली. वसुधा नावाची बाई. कल्याणला तिसऱ्या मजल्यावर राहते, पापड लाटते आणि नवऱ्याशी बोलत नाही. शहाण्णव पानं हेच. मला जांभयांवर जांभया.

सत्त्याण्णवाव्या पानावर आलो, तर विहिरीत मुडदा! इन्स्पेक्टर, पंचनामा, भुंकणारा कुत्रा. सोळा पानं मी श्वास धरून वाचली. आणि एकशे तेराव्या पानावर वसुधा परत पापड लाटतेय. त्या मुडद्याचं पुढे नावच नाही, अगदी शेवटपर्यंत.

हादरलोच मी. दोन दिवस जेवण गेलं नाही. म्हटलं, आधुनिक साहित्य म्हणतात ते हेच असणार.

पुस्तकाचं नाव सुमनबाईंना आधीच कळवलं होतं. सभेला गेलो, तर समोर साक्षात त्या कादंबरीच्या लेखिका. सुमनबाई कौतुकाने म्हणाल्या, "तुमच्यासाठी मुद्दाम बोलावलंय." मग काय, मी सुटलोच. पापड म्हणजे बाईचं लाटलं गेलेलं आयुष्य, विहीर म्हणजे तिचं मन आणि मुडदा म्हणजे संसार. काय हिंमत या लेखिकेची, मुडदा तसाच ठेवला विहिरीत!

दिघाशीचे पाटीलकाका उठले. त्यांनी वाचनालयातली प्रत वाचली होती. "ए बाला, मुडदा कुठला? मी दोनदा वाचलंय, त्यात काय मुडदाबिडदा न्हाय. आन तिसऱ्या माल्यावर विहीर कशी असंल?"

"काका, ती आतली विहीर हाय. दिसायला नजर लागते."

लेखिका हळूच म्हणाल्या, "अहो, पण मी विहीर लिहिलेलीच नाही."

आता इथे कुठलाही शहाणा माणूस गप्प बसला असता की नाही? मी म्हणालो, "ताई, राग मानू नका. लिहिणाऱ्याला स्वतःचं सगळंच कळतं असं नाही."

सुमनबाईंनी कपाळाला हात लावला. कमिटीतल्या एकाचा चहा बशीत सांडला. मी तावातावाने पुस्तक नेऊन लेखिकेच्या हातात दिलं. त्यांनी चार पानं वाचली आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"हे माझं नाहीच. बाइंडिंगवाल्याने कुणाच्या तरी रहस्यकथेची सोळा पानं माझ्या पुस्तकात शिवलीत."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. पण सुमनबाई माझ्या बाजूने उभ्या राहिल्या. "यात यांची काय चूक? असलं पुस्तक बाहेर पडतंच कसं? कुणी तपासत नाही का?" कमिटीच्या माना हलल्या. माझा जीव भांड्यात पडला. ग्रंथपालाची खुर्ची वाचली म्हणायची.

तेवढ्यात लेखिकेने शेवटचं पान उघडलं. "तपासलंय की. हा शिक्का बघा, 'सर्व पाने तपासली'. खाली सहीसुद्धा आहे."

सुमनबाईंनी पुस्तक हातात घेतलं. माझा अर्ज त्यांच्या पुढ्यातच होता. त्यांनी पुस्तकातली सही पाहिली, अर्जाखालची पाहिली, चष्मा काढून पुसला आणि परत दोन्ही पाहिल्या.

"गोडाऊनमध्ये तुमचं नेमकं काम काय हो?"

"पानं तपासतो," मी म्हणालो.