सुरू ठेवा

फोनमधून आधी चेनसॉचा आवाज आला, मग जोगळेकर काकांचा.

"केतकी, काम अगदी जोरात! पहिल्या झाडाचा शेंडा उतरलासुद्धा."

मी सिंगापुरातल्या पुंगोल भागात, एलआरटी नावाच्या छोट्या मेट्रोत उभी होते. काकांचा कॉन्डो, म्हणजे त्यांची सोसायटी, अजून दोन स्टेशने दूर होता.

"काका, थांबवा त्यांना! कापायला कोणी सांगितले?"

"अगं, तूच ना? दहा मिनिटांपूर्वी लिहिलंस, 'सुरू ठेवा'!"

लिहिले होते. नेमके हेच दोन शब्द.

एका लँडस्केप कन्सल्टन्सीत वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून माझे ते दुसरे वर्ष होते आणि केवळ माझ्या सहीने जाणारा हा पहिलाच रिपोर्ट. पाण्याकाठच्या त्या कॉन्डोत सात जुनी, उंच झाडे होती. त्यांच्या सुया स्विमिंग पूलमध्ये पडतात, अशी रहिवाशांची तक्रार होती. ती झाडे काढून तेथे 'नेटिव्ह पाइन' लावावेत, असे कमिटीने ठरवत आणले होते. थंड हवेच्या ठिकाणासारखे दिसेल आणि पर्यावरणाचेही भले होईल, हा त्यामागचा हिशेब. कमिटीचे चेअरमन जोगळेकर काका मूळचे पुण्याचे, नोकरी रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत. पहिल्या भेटीत मी त्यांना 'सर' म्हटले, तेव्हा ते म्हणाले होते, "मराठीत बोलतेस ना? मग काका म्हण."

मी पाहणी केली आणि अडचण लक्षात आली. सिंगापूरचा म्हणावा असा पाइन मुळात नाहीच. कमिटीच्या मनातले सुयांचे, समुद्रवाऱ्यात सूं सूं करणारे देशी झाड त्यांच्या आवारातच उभे होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा! ती सातही झाडे सुरूची होती. कोकणच्या किनाऱ्यावर आपण पाहतो, तोच सुरू.

सुरू पाइनसारखा दिसतो, पण त्याच्या कुळातला नाही. त्याची 'सुई' म्हणजे पान नव्हे, बारीक हिरवी डहाळी. ती ओढली की पेरापेराशी सुटते. खरी पाने प्रत्येक पेरावर इवल्या दातांसारखी असतात. ती भिंगातून नीट दिसतात. खारा वारा आणि निकस वाळू हे झाड सहज सोसते. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन त्याला पुरवतात, म्हणजे खताचा कारखाना घरचाच. लाकूड कठीण आणि जळणाला उत्तम. हे सारे मी चाळीस पानांत मांडले आणि निष्कर्ष लिहिला: एकही झाड कापू नये.

कॉन्ट्रॅक्टरची तारीख मात्र आधीच ठरलेली होती, परवानगीही हातात होती. त्या सकाळी काकांचा मेसेज आला: "माणसे आली आहेत. रिपोर्ट वाचून झाला नाही. एका ओळीत सांग, काय करू?"

मी उत्तर दिले: "सुरू ठेवा."

माझ्या मते यात कर्म होते आणि क्रियापद होते. काकांच्या मते नुसतेच क्रियापद होते. त्यांनी त्याचे इंग्रजी करून फोरमनला सांगितले: कॅरी ऑन.

मी धावत पोहोचले, तेव्हा पहिल्या झाडाचा नुसता खांब उरला होता. मी 'स्टॉप' म्हणून ओरडले. फोरमन अंकल सेंग हेल्मेट काढून म्हणाले, "बॉस से कॅरी ऑन, सो वी कॅरी ऑन लाह. नाउ यू से स्टॉप. हू इज बॉस?"

"आज ही," काका माझ्याकडे बोट दाखवून मराठीत म्हणाले. अंकल सेंगना शब्द कळला नाही, बोट कळले. चेनसॉ बंद झाला.

ऑफिसात माझ्या बॉस मिस लिम यांनी सारे ऐकून घेतले. "रिपोर्ट चाळीस पानांचा, आणि चूक एका शब्दाची?"

"दोन शब्दांची," मी दुरुस्ती केली. त्या हसल्या नाहीत. "मग त्या झाडाची मोकळी जागा तू भरून दे."

पडलेल्या फांद्यांवर सुपारीएवढी काष्ठमय बोंडे होती. ती मी गोळा केली आणि बाल्कनीत कागदावर वाळवली. बोंडे उकलून पंख असलेले बारीक बी बाहेर पडले. पंखा लावण्याची चूक मी एकदाच केली. बी ओल्या वाळूत पेरले, रोपे बोटभर झाल्यावर नर्सरीच्या स्वच्छ, निर्जंतुक मातीत हलवली. काही आठवड्यांत सगळी पिवळी पडली.

माती फार स्वच्छ होती, हाच तिचा दोष. तिच्यात ते जिवाणूच नव्हते. उरलेल्या सहा झाडांखालची मूठ मूठ माती मी प्रत्येक कुंडीत मिसळली. नवी वाढ हिरवी आली. सातही झाडे त्या दिवशी गेली असती, तर ही मातीही गेली असती. हा मुद्दा मी कमिटीपुढे मांडला. सहाही झाडे राहिली, पूलवर जाळी आली आणि झडलेल्या सुया आता बागेतल्या वाफ्यांवर आच्छादन म्हणून पसरतात.

सर्वांत सरळ रोप मोकळ्या जागी लावले, त्या दिवशी काकांचा मेसेज आला: "सुरू सुरू झाला."

मी उत्तर लिहिले: "कॅशुअरिना इक्विसेटिफोलिया. कापू नये." वनस्पतींना लॅटिन नावे का देतात, हे मी कॉलेजात परीक्षेपुरते पाठ केले होते. समजले ते पुंगोलला, एक झाड गेल्यावर.